बंगल्याचा पुनर्विकास : आधी रस्ता मोजावा

गंगापूर रोड, कॉलेज रोड, पंडित कॉलनी, महात्मानगर या भागांत एका भूखंडावर एक बंगला आणि त्यात एक कुटुंब, अशी रचना दीर्घकाळ होती. आज तेथे बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. आपल्या समाजातील अनेक घरांत तिसरी पिढी कर्ती झाली असून वडिलोपार्जित बंगल्याचा विषय भावाभावांच्या बैठकीत येऊ लागला आहे. चर्चा बहुधा ‘बिल्डर किती टक्के देणार’ येथून सुरू होते. माझ्या मते ती समोरच्या रस्त्यापासून सुरू व्हावी.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मंजूर केलेली एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली नाशिकलाही लागू आहे. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे चटई क्षेत्राचे प्रमाण (ज्याला आपण एफएसआय म्हणतो) तिने रस्त्याच्या रुंदीशी बांधले. जुन्या नाशिकसारख्या दाट वस्तीबाहेर मूळ प्रमाण १.१० आहे. रस्ता नऊ मीटरहून अरुंद असेल, तर सामान्यतः तेथेच थांबावे लागते. तो नऊ मीटरचा असेल, तर अधिमूल्य भरून ०.५० आणि टीडीआर विकत घेऊन ०.४० मिळवता येते, एकूण २.००. म्हणजे ३०० चौरस मीटरच्या भूखंडावर एका गल्लीत ३३० चौरस मीटर, तर शेजारच्या गल्लीत ६०० चौरस मीटर. अधिमूल्य भरून मिळणारे पूरक क्षेत्र निराळे.

नाशिकमध्ये सहा व साडेसात मीटरचे कॉलनी रस्ते पुष्कळ आहेत. महानगरपालिका अधिनियमाचे कलम २१० आयुक्तांना रस्त्याची नियमित रेषा ठरविण्याचा अधिकार देते. ‘कपाट’ प्रकरणामुळे ते नाशिककरांच्या परिचयाचे झाले. सहा मीटरचा रस्ता नऊचा करायचा, तर दोन्ही बाजूंच्या मालकांना दीड-दीड मीटर जागा सोडावी लागते. एकट्या बंगल्याने मागे सरकून भागत नाही. सख्ख्या भावांइतकीच शेजाऱ्यांची संमती येथे मोलाची ठरते.

वाढत्या दाटीला माझा सरसकट विरोध नाही. शहर मखमलाबादच्या मळ्यांवर पसरण्यापेक्षा ते आतल्या आत वाढलेले बरे. मात्र एका कुटुंबासाठी टाकलेली जलवाहिनी व मलवाहिनी आठ कुटुंबांना पुरेल का, याची चौकशी नकाशा मंजुरीपूर्वीच करावी.

बँकेतील सवयीने कागदपत्रांविषयीही लिहितो. भावांचे वाटणीपत्र आधी, विकसन करार नंतर. आणि दोन्ही नोंदणीकृत. २०१७ च्या वित्त कायद्याने व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांना एक सवलत दिली : नोंदणीकृत विकसन करारावरील भांडवली नफ्याचा कर करार केलेल्या वर्षी न लागता पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या वर्षी लागतो. परंतु दाखल्यापूर्वीच एखाद्याने प्रकल्पातील आपला हिस्सा हस्तांतरित केला, तर त्याचा कर हस्तांतराच्या वर्षीच देय होतो.