गेमची यादी एक, किल्ल्या अनेक



पावसाळ्यात, जून-जुलैमध्ये, आमच्या उत्तनच्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. जाळी दुरुस्त करण्याचं काम आटोपलं की तरुण मुलं संगणकावर गेम खेळायला बसतात. मला संगणकातलं थोडंफार कळतं, म्हणून या दिवसांत अडलेली मुलं माझ्याकडे येतात. गेल्या पावसाळ्यात शेजारचा एक मुलगा आला. होडीवर काम करून मिळवलेल्या पैशांतून त्यानं एक गेम घेतला होता. म्हणाला, "अंकल, साडेसातशे रुपये गेले. आज बघतो तर तोच गेम माझ्याकडे आधीच फुकट आलेला होता!"

असं का होतं, ते आधी पाहू. पूर्वी गेमची सीडी मिळायची. सीडी घरात म्हणजे गेम घरात. २००३ साली वाल्व्ह कंपनीनं 'स्टीम' सुरू केलं. पुढच्याच वर्षी त्यांचा 'हाफ-लाइफ २' आला, तेव्हा दुकानातून डबी आणली तरी स्टीमवर खातं उघडल्याशिवाय तो खेळता येत नव्हता. अशा प्रोग्रॅमला लाँचर म्हणतात. दुकान, कपाट आणि पहारेकरी ही तिन्ही कामं तो एकटा करतो. २००८ साली पोलंडमधून 'जीओजी' आलं, डिसेंबर २०१८ मध्ये 'एपिक'चं दुकान उघडलं. एपिक गेम फुकटही वाटतं. ईए आणि युबिसॉफ्ट यांचे लाँचर आणखी वेगळे. म्हणजे पुस्तकं चार वाचनालयांत आणि कुठलं पुस्तक कुठे, हे सांगणारी वही मात्र कुठेच नाही!

ती वही म्हणजे 'प्लेनाइट'. विंडोजवर चालणारा हा प्रोग्रॅम मोफत आहे. तो उतरवून घ्यायचा, आपल्या प्रत्येक दुकानासाठी त्यातली जोडणी सुरू करायची आणि तिथल्या खात्यानं एकदा प्रवेश करायचा. थोड्या वेळात सगळे गेम, अगदी संगणकावर न उतरवलेलेसुद्धा, एकाच यादीत दिसू लागतात. जुन्या सीडीवरून घातलेले गेम हातानं जोडता येतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला, २०२० साली आलेला 'राजी' आपण कुठून घेतला होता, हे नाव टाइप करताच कळतं. नावांच्या क्रमानं यादी लावली की एकच गेम दोनदा असल्यास लगेच डोळ्यांत भरतो. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी 'हिरोइक' आहे. तो एपिक, जीओजी आणि अ‍ॅमेझॉन इथले गेम एकत्र दाखवतो.

त्या मुलाची यादी तयार झाली तेव्हा दीडशेच्या आसपास गेम निघाले आणि तीन गेम दोनदा घेतलेले आढळले. तो खूश झाला. पण एका दुकानाचं खातं मात्र उघडेना. ते मोठ्या भावाच्या जुन्या मोबाइल नंबरावर होतं आणि तो नंबर कधीच बंद झाला होता. तिथले गेम यादीत आलेच नाहीत.

खरी मेख इथेच आहे. प्लेनाइट यादी करतं, गेम ताब्यात देत नाही. त्यातून स्टीमवरचा गेम सुरू केला तरी मागे स्टीम उघडतंच. खातं गेलं, तर गेमही गेला. कधी कधी तर खातं शाबूत असूनही गेम जातो. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ सालचा मोटारशर्यतीचा गेम पूर्णपणे कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होता. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना. त्याच वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियानं कायदा केला की डिजिटल माल विकताना आपण मालकी नव्हे, तर वापराचा परवाना देतो, हे दुकानानं ग्राहकाला स्पष्ट सांगावं. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे.

म्हणून यादी करताना आणखी चार कामं उरकून घ्या. एक, कुठलं खातं कोणत्या ईमेलवर आणि कोणत्या नंबरावर आहे, हे कागदावर लिहा. नंबर बदलण्याआधी प्रत्येक खात्यात नवा नंबर घाला. दोन, खातं परत मिळवण्यासाठी दुकान जे संकेतांक देतं, ते त्याच कागदाबरोबर कपाटात ठेवा. तीन, गेम जीओजीवर मिळत असेल तर तो पर्याय आधी पाहा. तिथून गेमची इन्स्टॉलर फाइल उतरवून वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवता येते आणि पुढे लाँचरशिवायही गेम बसवता येतो. चार, प्लेनाइटची यादी तुमच्याच संगणकावर असते, म्हणून तिचीही एक प्रत बाहेर काढून ठेवा.

आणि नवीन गेम घेण्याआधी एकदा यादीत नाव शोधा. त्याला दहा सेकंद लागतात.

तो मुलगा आता डिझेलच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, आपली पाचही खाती लिहून ठेवतो. भावाचं खातं अजून उघडलेलं नाही. दुकानाला पत्रं चालू आहेत.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)