एक वाहिनी आणि दोन कान

जालना हें १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे, आणि औरंगाबादेस निजामाच्या राजवटींतच नभोवाणी केंद्र होतें. त्या काळच्या स्फटिक-संचाला लावावयाच्या हेडफोनचे दोन्ही भाग साखळीनें जोडलेले असत. बाहेर दोनच तारा येत. त्याला डाव्याउजव्याचा भेद ठाऊक नव्हता. पुढें १९३१ सालीं ब्लूमलीन या इंग्रज अभियंत्यानें द्विवाहिनी ध्वनीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, १९५८ मध्यें अमेरिकेंत जॉन कॉस यानें द्विवाहिनी हेडफोन पुढें आणला, आणि घोटाळ्याला जागा झाली.

मध्यम लहरींवरील आपलें प्रक्षेपण एकवाहिनी असतें. लहान रेडिओंतला ध्वनिवर्धकही तसाच. त्याच्या एकपदरी सॉकेटांत नवा हेडफोन खुपसला कीं डावा कान ऐकतो, उजवा मुका राहतो. वस्तु बिघडली असें समजून कित्येक घरांतून धडधाकट हेडफोन टाकून दिला जातो! कारण इतकेंच, कीं प्लगाचें टोंक डाव्या कानाचें, मधलें कडें उजव्याचें व बुंधा दोघांचा सामाईक. एकपदरी सॉकेट कड्याला शिवतच नाहीं.

उपाय सोपा आहे. तीनपदरी सॉकेट घेऊन टोंक व कडें एकत्र जोडावें, तो सांधा ध्वनिवर्धकाच्या निर्गमाला व बुंधा ऋण तारेला द्यावा. बत्तीस-बत्तीस ओमांचे दोन भाग मिळून सोळा ओम होतात. बुंधा मोकळा सोडून टोंक व कडें यांमध्येंच जोडणी केली तर चौसष्ट ओम होतात खरे, व दोन्ही कान वाजतातही. पण एक पडदा पुढें येतो तेव्हां दुसरा मागें जातो. आवाज मस्तकाच्या मध्यभागीं स्थिरावत नाहीं, पोकळ व विसकटलेला वाटतो. भाषण ऐकणाऱ्यास तो लवकरच नकोसा होतो.

खरी काळजी कानांची. एल्. एम्. ३८६ हा चिमुकला ध्वनिवर्धक नऊ व्होल्टांवर कर्ण्याला सुमारें अर्धा वॉट देऊं शकतो. हेडफोनला मात्र वॉटाचे कांहीं सहस्रांश पुरतात. म्हणून प्रत्येक कानाच्या वाटेवर शंभर ओमांचा स्वतंत्र रेझिस्टर घालावा. दाब चतुर्थांशावर येतो, पार्श्वभूमीची सळसळही तितकीच मंदावते. निर्गमावर बॅटरीच्या निम्मा स्थिर दाब असतो, तो अडविण्यास २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. नाहींतर हेडफोनच्या वेटोळ्यांतून एकसारखा प्रवाह वाहूं लागेल.

ज्या ध्वनिवर्धकाचे दोन्ही निर्गम 'सजीव' असतात, म्हणजे पूल-पद्धतीचा, तेथें बुंधा ऋण तारेला जोडूं नये. आणि उलट प्रकारही विसरूं नये: द्विवाहिनी यंत्रांत एकपदरी प्लग घातला, तर उजवी वाहिनी बुंध्याशीं थेट भिडते, यंत्र जुनें व असंरक्षित असेल तर तें त्यानें जळूंही शकतें.