टाकळा कोणता आणि कासविंदा कोणता?

मंडळी, मृगाचे दोन-चार पाऊस पडले की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, बांधावर, पडीक रानात आणि रस्त्याच्या कडेला टाकळ्याची रोपे दाटीने उगवतात. कोणी त्याला तरोटा म्हणतात. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात कुर्डू, भारंगी यांच्या जोडीला टाकळ्याची भाजी आवडीने होते. कोवळे शेंडे खुडायचे, कांदा-लसणावर परतायचे, मूठभर भिजवलेली डाळ टाकायची, की झाले. थोडी कडवट लागते. पण ज्याला तिची गोडी कळली त्याला आषाढात दुसरी भाजी सुचत नाही.

या टाकळ्याच्या शेजारीच, त्याच उकिरड्याच्या कडेला, त्याचे एक भावंड उभे असते. त्याला कुठे कासविंदा, कुठे कासोदा, तर कुठे रानटाकळा म्हणतात. या शेवटल्या नावानेच घोटाळा होतो. नावात टाकळा, फूल तसेच पिवळे पाच पाकळ्यांचे, पानांची ठेवण वरवर पाहता तशीच. ‘टाकळाच आहे, फक्त रानातला’ असे कोणी म्हणाले तर ऐकणाऱ्याला ते खरेच वाटते. वास्तविक टाकळा तरी कुठे वाफ्यातला असतो?

दोहोंत फरक करायचा तो एवढ्यासाठी की, कासविंद्याचे बी विषारी आहे. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, सहारनपूर, बिजनौर या बाजूला, पावसाळा सरता सरता दरवर्षी लहान मुले एकाएकी आजारी पडत. उलट्या होत, मूल बरळू लागे, मग बेशुद्ध होई, आणि पुष्कळ मुले थोड्याच दिवसांत दगावत. बरीच वर्षे हा मेंदूज्वर समजला जात होता आणि डॉक्टर विषाणूचा शोध घेत होते. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे डॉ. जेकब जॉन यांनी सहकाऱ्यांसह याचा छडा लावला. त्यांचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. मुलांनी कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर घाला पडत होता. पुढे २०१६ साली ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात अनेक बालके दगावली, तेव्हा मेंदूज्वराच्या विषाणूबरोबरच या झाडाकडेही तज्ज्ञांनी बोट दाखविले. तिकडे त्याला ‘बडा चाकुंडा’ म्हणतात, आणि चाकुंडा म्हणजे आपला टाकळा. तिथेही नावाचे नाते असेच आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता कोणी म्हणेल, ‘गुरुजी, कासविंद्याचे बी भाजून त्याची कॉफी करतात, वैद्यही ते वापरतात.’ खरे आहे. भाजल्याने विषाचा जोर पुष्कळ उतरतो. पण भातुकली खेळणारे पोर बी भाजत बसत नाही. त्याला ती हिरवी शेंग चवळीच्या शेंगेसारखी दिसते. सोलतो आणि खातो. घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

तेव्हा ओळखायचे कसे ते पाहू. प्रथम एक सांगून ठेवतो: वासावर विसंबू नका. ‘ज्याला उग्र वास येतो तो कासविंदा’ अशी एक समजूत आहे. टाकळ्याचे पान चुरगाळले तरी घाण वास येतोच. फुलाच्या रंगावरूनही काही ठरत नाही.

पान पाहावे. ज्याला आपण बोलताना टाकळ्याचे ‘पान’ म्हणतो ती खरे म्हणजे पानाची एक पर्णिका असते. खोडापासून निघालेला देठ आणि त्यावरच्या सगळ्या पर्णिका मिळून एक पान. टाकळ्याच्या पानावर पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. पर्णिका टोकाकडे रुंद आणि गोलसर, देठाकडे निमुळती, जणू लहानसा चमचाच. कासविंद्याच्या पानावर जोड्या चार ते सहा, बहुधा पाच. आणि पर्णिका टोकाला अणकुचीदार. म्हणजे ‘तीन आणि गोल’ हा टाकळा, ‘पाच आणि टोकदार’ हा कासविंदा. एवढे पोरासोरांनाही पाठ होते.

अगदी कोवळ्या रोपाच्या पहिल्या पानांत जोड्या कमी असू शकतात. तिथे एक बारीक खूण उपयोगी पडते. देठावर टाचणीच्या डोक्याएवढी गाठ असते, तिला ग्रंथी म्हणतात. कासविंद्यात ती देठाच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ, फुगीर आणि काळपट असते. टाकळ्यात बुडाशी काही नसते. त्याची गाठ वर, पर्णिकांच्या जोडीच्या मधोमध, बारीक खुंटीसारखी उभी असते. पान उन्हाकडे धरून बोटाने चाचपले की समजते. त्यानेही खात्री होत नसेल तर रोप आठवडाभर वाढू द्यावे. भाजी कुठे पळून जात नाही.

शेंगा धरल्या की मात्र चूक होण्याचे कारण उरत नाही. टाकळ्याची शेंग वीतभर लांब, सुतळीसारखी बारीक, विळ्यासारखी वाकलेली, आणि बी चौकोनी कापल्यासारखे, तकतकीत. कासविंद्याची शेंग त्याहून आखूड, चपटी, जवळजवळ सरळ आणि वर तोंड करून उभी. पिकली की मधोमध तपकिरी आणि कडा फिकट दिसतात. बी गोल व चपटे. झाडही उंचीला मोठे, कधी छातीपर्यंत जाते. टाकळा सहसा कमरेच्या आतच राहतो.

या कुळात आणखीही भावंडे आहेत. कासविंद्याचाच एक सख्खा भाऊ आहे. त्याच्या पर्णिका सहा ते दहा जोड्या आणि शेंग चपटी नसून फुगीर. त्यालाही लोक रानटाकळाच म्हणतात, आणि त्याच्याही शेंगा मुलांपासून दूरच ठेवाव्यात. पाथर्डी, कर्जत, जामखेड या कोरड्या भागातला तरवड सर्वांना माहीत आहे. नवरात्रात घटाला ज्याच्या फुलांची माळ चढते तो. त्याच्या पानांत आठ-दहा जोड्या, देठाशी कानासारखी दोन पाने. तो कोणाला सांगावा लागत नाही. अलीकडे रस्त्याकडेला गाजरगवताला हटवून एक लवदार, आखूड शेंगांचे झुडूप माजलेले दिसते, ते अमेरिकेतून आलेले. त्याच्या शेंगा दोन बोटांएवढ्याही नसतात. भाजीला ते घेऊ नये.

शाळेच्या आणि अंगणवाडीच्या आवारातला कासविंदा फुलावर येण्याआधीच मुळासकट उपटावा. शेंगा वाळून बी सांडले की पुढल्या वर्षी दुप्पट उगवतो. आश्विन-कार्तिकात एखादे मूल शेंगा खाल्ल्याचे कळले, किंवा उलट्या होऊन ते विचित्र वागू लागले, तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. तडक दवाखान्यात न्यावे, आणि त्या झाडाची शेंगांसह फांदी बरोबर घ्यावी. या विषावर उतारा नाही. पण काय पोटात गेले हे डॉक्टरांना वेळीच कळणे फार मोलाचे असते.

शिक्षक बंधुभगिनींसाठी आणखी एक गंमत. ज्याला आपण टाकळा म्हणतो त्यातही दोन जाती आहेत. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ सालीच त्यांना दोन वेगळी नावे दिली. पुढे अनेकांनी त्या एकच मानल्या, आणि आता त्या पुन्हा वेगळ्या धरतात. एक मूळची आशियातली, दुसरी अमेरिकेतली. भाजी करणाऱ्याला याची फिकीर नको. पण वर्गात भिंग असेल तर पानाची खालची दोन जोडपी पाहा: आशियातल्या जातीत दोन्हींच्या मध्ये गाठ असते, अमेरिकेतल्या जातीत फक्त सर्वांत खालच्या जोडीत. शेंगेचा देठ पहिलीत आखूड, पेराएवढाही नाही. दुसरीत चांगला लांब. बियांच्या बाजूवर एक फिकट पट्टा असतो, तो पहिलीत रुंद आणि दुसरीत दोऱ्यासारखा अरुंद. कार्तिकात मुलांकडून गावच्या चार शिवारांतले बी मागवा, सुकवून वर्तमानपत्रावर पसरा आणि पट्टा पाहून दोन ढीग करायला सांगा. हात मात्र नंतर साबणाने धुवायला लावा.