वाद्य कुणाचे, हुकूम कुणाचा?

धर्मांतरानंतर ज्या समाजाने गावकीची वाद्ये खाली ठेवली, त्याच समाजाच्या वस्तीत पुढे ब्रास बँड कसा उभा राहिला, असा प्रश्न विद्यार्थी मला विचारतात. वाजवणे ही गुलामीची खूण असेल, तर भीमजयंतीला तरी ते कशाला? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर वाद्यात शोधून सापडणार नाही. वाजवणारा आणि वाजवून घेणारा यांच्या नात्यात ते आहे.

गावगाड्यात वाजंत्रीचे काम प्रांताप्रमाणे कुठे मांगाकडे, कुठे महाराकडे, कुठे घडशाकडे असे. हलगीला कातडे लागते, फुंकायच्या वाद्याला थुंकी लागते. कातडे आणि उष्टे दोन्ही विटाळाचे! तरी त्यांच्यावाचून सवर्णांचे मंगलकार्य पार पडत नसे. सूर मांडवात चाले, वाजवणारा मात्र मांडवाबाहेर. आणि 'येत नाही' म्हणण्याची सोय नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर असंख्य बौद्धांनी हे काम नाकारले आणि ठिकठिकाणी त्यापायी बहिष्कार सोसला. महारकी वतन रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली.

माझे थोरले चुलते, आमचे तात्या, शहापूर तालुक्यातले. रेल्वेत गँगमन होते. पोट फावड्यावर, बँड हौसेचा. तो त्यांनी चाळीस वर्षे वाजवला. वस्तीने वर्गणी काढून जुनी वाद्ये घेतली, तात्यांच्या वाट्याला ट्रंपेट आला. आमचे आजोबा चिडले. "आम्ही हलगी टाकली ती काय तुम्ही पितळ तोंडाला लावावं म्हणून?"

ट्रंपेट म्हणजे सुमारे दीड मीटर लांबीची गुंडाळलेली नळी. तिला तीनच कळा. त्या दाबण्याच्या आठ तऱ्हा, त्यांतून नळीच्या लांब्या मिळतात सात. बाकी सारे सूर ओठ आवळून, सैल सोडून काढावे लागतात. बँडातला ट्रंपेट बहुधा काळी पाचचा असतो, क्लॅरिनेटही त्याच सुराचा. म्हणून दोघे मिळून चाल उचलतात. युफोनियम खालची बाजू धरतो, साइड ड्रम पावलांना ताल देतो. एकट्याने हे साधत नाही. दिवसभर रुळांवर, कारखान्यात राबलेली माणसे रात्री कंदिलाभोवती बसून एकमेकांचे ऐकायला शिकली.

एकदा मुरबाडकडच्या एका गावातून लग्नाची सुपारी आली. जेवणाच्या वेळी बँडवाल्यांची पाने गोठ्याशेजारी मांडली. तात्या काही बोलले नाहीत. वाद्ये पेट्यांत भरली, सुपारी परत दिली आणि मंडळी चालू लागली. वरात मुकी निघाली. हे कळले तेव्हापासून आजोबांनी ट्रंपेटला नाव ठेवले नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तात्यांना उठता आले, कारण त्यांची चूल त्या सुपारीवर पेटत नव्हती. ज्यांचे वर्ष लग्नसराईच्या चार महिन्यांवर निभते, ज्या बाया डोक्यावर दिव्यांची झुंबरे घेऊन वरातीत चालतात, त्यांना हा नकार परवडत नाही. म्हणून हौशी वादकाच्या हौसेला मी चैन म्हणत नाही. त्या हौसेत 'नाही' म्हणण्याची ताकद आहे आणि ती पोटार्थी कलावंतापर्यंत पोचवणे हे चळवळीचे काम आहे.

बँड कुणापुढे वाजावा हा वाद अजून मिटलेला नाही. २०१८ साली उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावी एका दलित नवरदेवाला आपली वरात पोलीस बंदोबस्तात काढावी लागली. वाजवायला आम्ही चालतो. आमच्यासाठी वाजलेले चालत नाही!

आज वस्तीवस्तीतून जयंतीला डीजे येतो. त्याला पैसे लागतात, तालीम लागत नाही. मिरवणूक संपली की गाडी निघून जाते. मागे वस्तीत कुणी काही शिकलेले नसते. बँडने दर पिढीत दहा-पंधरा माणसे अशी घडवली, की जी आपल्या मर्जीने फुंकत होती आणि आपल्या मर्जीने थांबतही होती. माळ्यावर गंजणारे ते पितळ पुन्हा खाली काढायचे की नाही, हे तरुणांनी ठरवावे. ठरवताना डीजेचा आवाज किती मोठा हे पाहू नये. तो आवाज कुणाच्या श्वासातून येतो ते पाहावे.