अठराव्या शतकाचा वाद

मार्च १७०७ मध्यें अहमदनगरच्या छावणींत औरंगजेब मरण पावला. १७५७ सालीं पलाशीच्या आमराईंत इंग्रजांचें दैव उजळलें. मधल्या पन्नास वर्षांना काय नांव द्यावें, यावर इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाहीं.

हा वाद केवळ पंडितांच्या घरचा नव्हे. तो काळ निव्वळ बेबंदशाहीचा होता असें एकदां ठरलें, म्हणजे इंग्रजी अंमल हें आक्रमण न राहतां तो उपकार ठरतो. १८१७ सालीं जेम्स मिलनें हिंदुस्थानचा जो इतिहास छापला, त्याचा रोख याच दिशेचा होता. मिलनें हा देश कधीं पाहिला नव्हता आणि येथील भाषाहि त्याला येत नव्हत्या. हें आपलें उणें त्यानें प्रस्तावनेंत निःपक्षपातीपणाची हमी म्हणून पुढें केलें! त्याच्या मांडणींतून रूढ झालेले हिंदु, मुसलमानी व ब्रिटिश हे तीन कालखंड शाळेच्या पुस्तकांत फार दिवस टिकले. पहिल्या दोहोंस धर्माचें नांव आणि तिसऱ्यास मात्र राष्ट्राचें, हें बराच काळ फारसें कोणास खटकलें नाहीं.

जदुनाथ सरकारांचें काम निराळ्या तोलाचें. फारसी अखबार आणि मराठी पत्रें पारखून त्यांनीं १९३२ ते १९५० या काळांत मोंगल बादशाहीच्या पतनावर चार खंड प्रसिद्ध केले. पण त्यांची नजर मुख्यतः दिल्लीवर होती, आणि दिल्लींतून पाहणारास चहूंकडे पडझडच दिसणार. १९६३ सालीं इर्फान हबीब यांनीं दरबार सोडून शेतसाऱ्याकडे पाहिलें. जहागीरदाराची तीनचार वर्षांत बदली होई. मग पुढच्या पिकाची फिकीर त्यानें कां करावी? तो रयत पिळी. रयत गांव सोडी किंवा जमीनदारामागें बंडास उभी राही. १९८६ मध्यें मुझफ्फर आलम यांनीं अवध व पंजाब येथील अशाच बंडांचा अर्थ उलट लावला. जमीनदार उठले ते उपासमारीमुळें नव्हे, तर हातीं पैसा खेळूं लागला म्हणून, असें त्यांचें म्हणणें.

मराठी श्रोत्यास हा पेंच घरचाच आहे. माळव्यांतील मराठी स्वाऱ्या म्हणजे लूट, हें मत जुनें. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद वाचून स्टुअर्ट गॉर्डन यांनीं दाखविलें कीं, स्वारीमागोमाग कमाविसदार आले, जमाबंदी झाली, ओसाड गांवांना साऱ्याची सूट देऊन वस्ती वाढविली गेली.

मग लुटारू ही पदवी पुसली गेली काय? बंगालपुरती तरी नाहीं. १७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा तेथें वारंवार शिरल्या. गंगाराम नांवाच्या बंगाली कवीनें त्या स्वाऱ्यांवर काव्य रचलें, त्याचें नांव 'महाराष्ट्र पुराण'. त्यांत जळलेलीं गांवें आहेत, जीव घेऊन पळणारीं माणसें आहेत. आणि आपल्या 'बारगीर' शब्दापासून झालेला 'बर्गी' हा शब्द बंगाली आया मुलांना निजवितांना अजूनहि उच्चारतात.