चालतं मशीन हलवताना

‘क्वेक ३’चा सामना रंगात आला असताना तो चालवणारा सर्व्हरच एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला, आणि खेळात खंड पडला तो जेमतेम ६० मिलिसेकंदांचा. केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी झेन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला हा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. आज मोठ्या डेटा सेंटरांत हे रोजचं काम आहे.

या कामाचा जीव हिशेबात आहे. मेमरीची ४ किलोबाइटची पानं असतात आणि प्रत्येक पानामागे एक बिट. पानावर काही लिहिलं गेलं की तो बिट १ होतो. ६४ जीबीच्या व्हर्च्युअल मशीनची पानं होतात १,६७,७७,२१६; त्यांचा सगळा हिशेब मात्र २ एमबीत मावतो! पहिल्या फेरीत सगळी मेमरी जाते, पुढच्या फेऱ्यांत फक्त मधल्या काळात बदललेली पानं. क्यूएमू या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगप्रमाणे, उरलेलं ३०० मिलिसेकंदांत जाईल असं दिसलं की मशीन क्षणभर थांबतं आणि पलीकडे सुरू होतं.

पण १० गिगाबिटच्या नेटवर्कवर ६४ जीबी पाठवायलाच जवळपास मिनिट लागतं. तेवढ्यात एखादा भरात आलेला डेटाबेस पाठवण्याच्या वेगापेक्षा जास्त पानं बदलत राहिला, तर फेऱ्या संपतच नाहीत.

अशा वेळी क्यूएमूचं ऑटो-कन्व्हर्ज कामाला येतं. पाठवलेल्या डेटाच्या निम्म्याहून जास्त डेटा पुन्हा बदललेला दिसला, आणि असं दोनदा घडलं, की सीपीयूला लगाम बसतो: आधी २० टक्के, मग दर वेळी १० टक्क्यांची भर, थेट ९९ पर्यंत. २० टक्क्यांवर सीपीयू १० मिलिसेकंद चालतो, अडीच झोपतो. ९९ टक्क्यांवर तोच १० मिलिसेकंद चालून ९९० झोपतो. म्हणजे मशीन म्हणायला चालू. त्यावर काम करणाऱ्याच्या लेखी ते बंदच. ‘डाउनटाइम’च्या आकड्यात ही झोप धरलेली नसते, म्हणून फक्त तो आकडा दाखवून स्थलांतर यशस्वी म्हणणं ग्राहकावर अन्याय आहे.

हा लगाम सरसकट असतो, हे त्याहून खटकतं. एक सीपीयू धडाधड लिहितो, दुसरा नुसता वाचतो. शिक्षा दोघांना सारखीच. क्यूएमू ८.१मध्ये आलेल्या डर्टी-लिमिटने यावर चांगला तोडगा काढला. केव्हीएम या लिनक्समधल्या व्हर्च्युअलायझेशन सुविधेच्या डर्टी रिंगमुळे कुठल्या सीपीयूने किती पानं बदलली ते वेगवेगळं कळतं, आणि लिहिणाराच अडवला जातो. मात्र ही रिंग मशीन सुरू करतानाच मागावी लागते. ती न मागता महिनोन्महिने चालू असलेल्या मशीनांना लगाम घालायचा, तर जुनं ऑटो-कन्व्हर्जच वापरावं लागतं.