मायना आणि मजकूर

सत्तेपुढे लेखी दाद मागण्याच्या प्रघातास लाचारीचे लक्षण मानण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, ती मला फार दिवसांपासून अन्यायाची वाटत आली आहे. कारण ज्यांच्या हाती ना मत होते, ना पैसा, ना वर्तमानपत्र, अशा माणसांना आपला हक्क सरकारी दप्तरात नोंदवून ठेवण्याचे जवळजवळ एकमेव साधन अर्ज हेच होते.

पेशवाईतील पद्धतीचा विस्तार येथे करीत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमाल सोडून बसावे, तर आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली बोरूने सलग उतरविलेल्या ओळींतून वतनाचे तंटे, सारासुटीच्या विनंत्या आणि अंमलदारांच्या जुलुमाच्या फिर्यादी हजूर उभ्या राहतात. पुढे १८५२ साली बॉम्बे असोसिएशनने थेट पार्लमेंटकडे अर्ज धाडला. आणि १८७० साली निघालेल्या पुणे सार्वजनिक सभेने, सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा दंडक घालून अर्जदारास प्रतिनिधीची प्रतिष्ठा दिली. इतके सांगून मी माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतो.

तो विषय म्हणजे महार समाजाने लष्करभरतीसाठी केलेले अर्ज. मुंबई फौजेत ज्यांच्या पिढ्या खपल्या, ज्यांच्यातून जमादार-सुभेदार निपजले, त्यांनाच १८९० नंतरच्या काही वर्षांत ‘लढवय्या जाती’ नावाच्या नव्या सिद्धान्तापायी पलटणींची दारे बंद झाली. पगार गेला, पेन्शनची आशा गेली, आणि छावणीतल्या शाळेत मुलांना मिळणारी अक्षरओळखही गेली. तेव्हा दापोलीस राहणारे निवृत्त लष्करी गृहस्थ गोपाळबाबा वलंगकर यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने १८९४ साली लष्करी अधिकाऱ्यांसाठी अर्ज सिद्ध केला. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी यांनीही याच कामी न्यायमूर्ती रानड्यांचे साहाय्य घेतल्याचे चरित्रकार सांगतात.

यानंतर पुण्याचे शिवराम जानबा कांबळे पुढे आले. मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची चाकरी करणाऱ्या या माणसाने १९०३ साली सासवडास ५१ गावांच्या महारांची सभा भरवून सरकारकडे अर्ज केला, १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र काढले, आणि १९१० साली दख्खनच्या महार परिषदेच्या नावाने भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्यापर्यंत गाऱ्हाणे पोहोचविले. मागणे किती माफक, तर पोलिसात शिपाई आणि फौजेत साधे सैनिक होऊ द्यावे! परंतु युक्तिवाद मात्र माफक नव्हता: आमच्या पूर्वजांनी तुमच्या निशाणाखाली रक्त सांडले आहे, आणि कायद्यापुढे सारी प्रजा समान हे तुमचेच तत्त्व आहे, तर मग आम्हालाच मज्जाव का? सरकारचे वचन सरकारच्याच पदरात टाकून त्याचा जबाब मागणे हे भिक्षेकऱ्याचे काम नव्हे, ते निष्णात वकिलाचे काम आहे. आणि मायना कितीही लवून लिहिलेला असो, खालचा मजकूर ताठ उभा आहे.

या युक्तिवादाची अस्सल साक्ष पाहायची असेल त्याने भीमेच्या काठी कोरेगावच्या लढाईचा स्तंभ पाहावा. मी तेथे गेलो तेव्हा इतर सारे सोडून शिळेवरील नावेच वाचीत राहिलो. १८१८ साली पडलेल्यांच्या त्या यादीत ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी नावे एकाखाली एक येतात. गावात ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्याचे नाव कंपनी सरकारने दगडात कोरून ठेवले, याहून भक्कम दाखला कोणता अर्जदार जोडू शकेल?

दाखल्यावरून आठवले. तालुका कचेरीबाहेर टंकयंत्र मांडून बसणारे अर्जनवीस मी आवडीने न्याहाळतो. म्हातारी शेतकरीण सुनेपासून सावकारापर्यंत सारी कहाणी सांगत असते. तो मधेच थांबवून गट नंबर विचारतो, फेरफाराची नक्कल मागतो, आणि तिच्या तासाभराच्या दुःखातून कलमी मजकूर काढतो. हे कौशल्य शाळेत शिकवीत नाहीत, याची मला खंत वाटते. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने तर दहा रुपयांच्या अर्जात माहिती कशासाठी हवी याचे कारणही देण्याची गरज ठेवलेली नाही. कांबळ्यांना हे पाहून काय वाटले असते!

त्यांच्या अर्जांना न्यायबुद्धीने उत्तर दिले नाही, महायुद्धाने दिले. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली, आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. पुन्हा महायुद्ध आले, पुन्हा मागणी झाली, आणि १९४१ साली बेळगावास महार रेजिमेंटची स्थापना झाली. ती आजही आपल्या सैन्यात आहे.